सोबत आलेली व्यक्ती

उजव्या डोळ्याचा नंबर त्याने डाव्या बाजूला बसवला आणि डाव्याचा उजवीकडे, आणि हे कळलं ते गिऱ्हाईक नवा चष्मा लावून दुकानाच्या पायरीपर्यंत गेलं आणि तिथे भिंत धरून उभं राहिलं तेव्हा. “जमीन वर आल्यासारखी वाटते हो,” ते म्हातारे गृहस्थ म्हणाले. त्याने धावत जाऊन त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, चष्मा काढून घेतला. काउंटरमागून मालकांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मालक काही बोलले नाहीत म्हणजे फारच बोलले. बारा वर्षं तो या दुकानात काचा घासत होता, चौकटीत बसवत होता. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्याला बोटाच्या टोकाला कळायचा. आणि आज ही असली चूक. यंत्राशी परत बसल्यावर त्याने खिशातला फोन काढून तो निरोप पुन्हा वाचला, जणू मधल्या दहा मिनिटांत त्यातले शब्द बदलले असतील. बहिणीचा निरोप होता. ‘दादा, सोमवारी कॉलेजात ओरिएंटेशन आहे. घरातलं एक माणूस सोबत आणायला सांगितलंय. तूच यायचं. आईबाबा नकोत. तूच.’ शब्द तेच होते. त्याने काच उचलली, प्रकाशात धरली, आणि क्षणभर त्याला काचेवर खूण कुठे केली तेच दिसेना.

“ओरिएंटेशन म्हणजे करतात तरी काय?” वडिलांनी संध्याकाळी विचारलं. “कॉलेज दाखवतात,” मुंगी म्हणाली. लहानपणी ती कायम साखरेच्या बरणीशी सापडायची म्हणून मुंगी; आता अठरा वर्षांची झाली, त्याच्या खांद्याला लागली, तरी मुंगीच. “एवढं थोरलं कॉलेज, ते दाखवायला कशाला लागतं? रस्त्यावरून दिसतंच की,” वडील म्हणाले आणि स्वतःच हसले. मग म्हणाले, “दादालाच ने. त्याला तिथला खडान्‌खडा ठाऊक आहे.” आईने भाजी निवडता निवडता मान हलवली. “जाऊन ये रे. तेवढंच तुलाही बरं वाटेल. तुझं अर्धवट राहिलेलं...” एवढं बोलून ती थांबली. हे वाक्य या घरात कधी पुरं होत नसे. ते इथवर आलं की सगळे आदराने खाली बघत, देव्हाऱ्यापुढून जाताना पावलं आपोआप हळू पडतात तसे. तोही खाली बघे. त्याच्या खाली बघण्याला घरात विनय म्हणत.

वाक्याचा उरलेला भाग सगळ्यांना पाठ होता. बारा वर्षांपूर्वी वडिलांचा खोक्यांचा कारखाना बंद पडला. चौदा वर्षं पुठ्ठा कापण्याच्या यंत्रावर उभा राहिलेला माणूस दुपारी तीन वाजताच घरी आला आणि चप्पल न काढता पलंगावर बसला. दादा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन, घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला. त्याच संध्याकाळी तो म्हणाला, “मी कॉलेज सोडतो. काम बघतो.” आई रडली. वडिलांनी त्याचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. चार दिवसांत तो चष्म्याच्या दुकानात लागला. मुंगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आठवत काहीच नव्हतं, पण गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली होती की आता ती तिच्या डोळ्यांपुढे घडल्यासारखी सांगायची. मावशीला सांगायची, शेजारणींना सांगायची. सातवीत तिने ‘माझा आदर्श’ या विषयावर निबंध लिहिला, त्याला पहिला नंबर मिळाला, आणि तो निबंध वडिलांनी काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला. काच त्यानेच कापून दिली होती. दुसरं कोण देणार?

त्या निबंधात नसलेली गोष्ट फक्त त्याला माहीत होती. ज्या संध्याकाळी तो “कॉलेज सोडतो” म्हणाला, त्या संध्याकाळी त्याला कॉलेज सोडून सात महिने झाले होते. खिशात कॉलेजचं पत्र होतं, पोस्टमनला कोपऱ्यावर गाठून मिळवलेलं, हजेरी नसल्यामुळे नाव कमी केल्याचं. दोन दिवस ते खिशात घेऊन तो हिंडत होता, आज सांगू, उद्या सांगू. त्या दिवशी सांगायचंच म्हणून जिना चढून वर आला, तर वडील चपलेसकट पलंगावर. आणि तोंडून ते वाक्य गेलं. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. शब्द न्‌ शब्द खरा होता, फक्त सात महिने उशिरा बोललेला. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं ते सुटलो, आणि लगेच दुसरं, की आता हे कधीच सांगता यायचं नाही.

आणि सात महिन्यांपूर्वी तरी काय झालं होतं? हे तर स्वतःलाही सांगण्याजोगं नव्हतं. कुणी मारलं नाही, कुणी छळलं नाही, प्रेमभंग नाही, व्यसन नाही. एका मंगळवारी प्रयोगशाळेत सरांनी त्याला नळीवरचा आकडा वाचायला सांगितला. साधा आकडा. त्याला तो दिसत होता. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. सर थांबले, मुलं थांबली, नळीच्या टोकाशी एक थेंब लोंबकळत होता तोही थांबल्यासारखा. “बसा,” सर म्हणाले आणि शेजारच्याला विचारलं. हसलंसुद्धा कुणी नाही. हसले असते तर कदाचित निभावलं असतं. पुढच्या मंगळवारी तो पाच मिनिटं उशिरा पोचला. दाराला काचेची एक लहानशी चौकट होती. तिच्यातून त्याने पाहिलं, सगळे आपापल्या जागी, त्याचं स्टूल रिकामं, आणि कुणाची मान दाराकडे वळत नव्हती. कडीवर हात ठेवून तो उभा राहिला आणि मग जिना उतरून गेला. एका दिवसाच्या गैरहजेरीला कुणी काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं कारण द्यावं लागतं, तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं. आठवड्याभरात ते कारण इतकं मोठं झालं की ते घेऊन कुठल्याच दारातून आत शिरता येईना. मग तो सकाळी वेळेवर घरातून निघायचा आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात, डोळ्यांच्या ओपीडीत, बाकावर जाऊन बसायचा. तिथे ‘तू इथे का’ असं कुणी विचारत नाही. डोळ्यांत औषध घालून मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या माणसांच्या रांगेत, आपल्याकडे कुणीच बघत नाही या सुखात, त्याने सात महिने काढले. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक रोज तयार चष्म्यांची पेटी घेऊन तिथे यायचे. एकदा म्हणाले, “अरे, जरा धर ही.” त्याने धरली. बारा वर्षं झाली, अजून धरूनच होता.

सोमवारी मुंगीने नवा निळसर ड्रेस घातला आणि बसमध्ये सबंध वेळ ती हातातल्या कागदांची फाइल उघडत मिटत राहिली. “दादा, तुमची प्रयोगशाळा त्या मागच्या इमारतीत होती ना? तुझा वर्ग कितव्या मजल्यावर? कँटीन कुठे?” तो सांगत होता, पहिल्या वर्षाच्या आठवणीवर. कुणीतरी ओळखेल. हा एकच विचार शनिवारपासून डोक्यात घोंघावत होता. कुणी कारकून, कुणी शिपाई, बरोबरीचा कुणी इथेच मास्तर झालेला, येईल, खांद्यावर हात टाकेल आणि मुंगीदेखत म्हणेल, “काय रे, तू कुठे गायब झाला होतास?” फक्त एवढंच. एवढ्या एका प्रश्नाने भिंतीवरच्या चौकटीची काच फुटली असती. फाटकातून आत शिरताना त्याने मान खाली घातली, मग असं मान घालून चालणारा माणूसच जास्त नजरेत भरतो असं वाटून वर केली, आणि मग मान नेमकी कुठे ठेवतात हेच विसरल्यासारखा चालू लागला.

सभागृहाच्या दाराशी टेबल टाकून एक बाई नोंदणी करत होत्या. त्यांच्या चष्म्याची एक दांडी सैल होती. नेहमीसारखा तो असता तर खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून दोन मिनिटांत घट्ट करून दिला असता. फॉर्मवर मुंगीची माहिती, आणि खाली ‘सोबत आलेली व्यक्ती’. नाव, नाते, व्यवसाय, शिक्षण. नाव लिहिलं, ‘भाऊ’ लिहिलं, ‘चष्म्याच्या दुकानात कारागीर’ लिहिलं आणि पेन थांबलं. “दादा इथलाच आहे!” मुंगी त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “याच कॉलेजचा!” बाईंचा चेहरा उजळला. “अगं बाई, हो का? मग तुम्हाला निळा बिल्ला.” आणि तो काही बोलायच्या आत त्यांनी टेबलाखालच्या पेटीतून एक गोल निळा बिल्ला काढून पुढे केला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘माजी विद्यार्थी’ असं होतं. “मी पुरं नाही...” तो म्हणाला. “काय?” बाई म्हणाल्या. मागची रांग पुढे सरकली. मुंगीने बिल्ला घेऊन त्याच्या शर्टाला लावला, दोन पावलं मागे होऊन पाहिला आणि थोडा सरळ केला. शिक्षणाची ओळ तशीच कोरी राहिली.

आत गेल्यावर कळलं, त्या बिल्ल्याला बघून लोक बोलायला येतात. एका मुलाचे वडील, ढेरपोटे, खुशीत असलेले, त्यांनाही निळा बिल्ला. “कुठलं साल तुमचं? मी फार आधीचा. ते ‘तोफखाना’ सर होते का हो तुमच्या वेळी? बोलताना थुंकी उडायची, पहिल्या बाकावर कुणी बसायचं नाही!” “होते,” तो म्हणाला. नव्हते. “आणि निकालाच्या दिवशी मागच्या भिंतीवर नावं कोरायचो, कोरलंत की नाही?” “कोरलं.” मुंगी डोळे विस्फारून ऐकत होती. “दादा, मला कधी सांगितलं नाहीस! दाखव ना मग जेवायच्या सुट्टीत.” त्याने हो म्हटलं. बारा वर्षं तो एकच वाक्य बोलून गप्प राहिला होता, आणि तेही खरं. आता अर्ध्या तासात दोन खोटी बोलून झाली, आणि तिसरं एका भिंतीवर जाऊन कोरावं लागणार होतं. शर्टाच्या त्या जागी, बिल्ल्याच्या पिनेखाली, त्याला खाजल्यासारखं होत राहिलं.

व्यासपीठावरून भाषणं झाली. दुसरे बोलायला उभे राहिले ते उपप्राचार्य. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. नळीवरचा आकडा विचारणारे सर. ते काय बोलले यातला एक शब्द त्याच्या कानांत शिरला नाही; तो फक्त त्यांच्या नजरेच्या वाटेतून बाजूला राहायचं बघत होता, पुढच्या बाईंच्या अंबाड्याआड. भाषण संपवून सर खाली उतरले आणि निळे बिल्ले हेरत, हात मिळवत एकेक रांग मागे येऊ लागले. पळायला वाट नव्हती. एका बाजूला मुंगी, दुसऱ्या बाजूला भिंत. सर समोर आले. त्यांनी बिल्ला पाहिला, चेहरा पाहिला, डोळे बारीक केले. त्याचं तोंड कोरडं पडलं. अगदी तेव्हासारखंच.

“हो हो हो,” सर म्हणाले, “आठवतंय की! तुम्ही ते... धावण्याच्या शर्यतीत नंबर काढलेले. बरोबर?”

त्याने हात पुढे केला.

“माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे बरं का,” सर मुंगीकडे वळून म्हणाले. “फार गुणी बॅच होती यांची. तू बहीण का? छान, छान.” आणि ते पुढच्या निळ्या बिल्ल्याकडे गेले. सरांनी मिळवून सोडलेला त्याचा हात तसाच थोडा पुढे राहिला. त्यांना काहीही आठवत नव्हतं. तो मंगळवार, तो थेंब, ते “बसा”; हे सगळं जगात फक्त त्याच्याजवळ होतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी काहीतरी हरवल्यासारखं झालं, आणि राग आला, आणि कुणाचा ते ठरवता येईना. “दादा, तू पळायचास?” मुंगीने कुजबुजत विचारलं. “थोडंफार,” तो म्हणाला.

मग मुलांनी एकेक करून माईकशी जाऊन स्वतःची आणि सोबतच्या माणसाची ओळख करून द्यायची होती. मुलं जात होती, चार शब्द घाईने बोलून परत येत होती. मुंगीची पाळी आली तेव्हा तिने फाइल त्याच्या मांडीवर ठेवली.  माईकपुढे तिने नाव सांगितलं, शाळा सांगितली, आणि म्हणाली, “माझ्यासोबत माझा दादा आलाय. तो याच कॉलेजात, याच विषयाला होता. घरची अडचण आली म्हणून त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं, म्हणून मी आज इथे उभी आहे. त्याचं राहिलेलं मी पूर्ण करणार आहे.” टाळ्या झाल्या. ढेरपोट्या गृहस्थांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या अंबाड्याच्या बाई मागे वळल्या, त्यांचे डोळे भरले होते. “उभे राहा ना,” कुणीतरी म्हणालं. तो उभा राहिला. तीनशे माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच्या डोक्यात फक्त एवढंच होतं की हसायचं असतं की नसतं.

जेवायच्या सुट्टीत मुंगीने ताटातलं काही खाल्लं नाही. इमारतीच्या मागे एक सिमेंटचा ओटा होता, तिथे दोघं बसली. नशिबाने भिंतीचा विषय तिने काढला नाही. “जेव की,” तो म्हणाला. “भूक नाहीये.” “सकाळपासून काही नाही पोटात.” “कालपासून नाही,” ती म्हणाली, आणि मग, ताटाकडे बघतच, “दादा, मला ना, भीती वाटते रे.”

“पहिला दिवस आहे. सगळ्यांनाच वाटते.”

“तसली नाही.” तिने चमच्याने ताटाची कड खरवडली. “मला बारावीला रसायनशास्त्र समजलंच नाही. पाठ केलं. सगळं, शब्द न्‌ शब्द. मार्क पडले, पण समजलेलं नाही. मला भूगोल आवडायचा. नकाशे काढायला. पण म्हटलं, तुझं राहिलंय, तर मी दुसरं काही कसं घेऊ? आता आत बसले ना, वाटलं, मी नापास झाले तर? तू तुझं सगळं सोडलंस, आणि मी जर...” तिने चमचा ताटात टाकला. “तू तर काही म्हणणार पण नाहीस. तेच जास्त.”

तो तिच्याकडे बघत होता. तिच्या मानेशी एक शीर उडत होती, लहान पाखराच्या छातीसारखी. त्याने आजवर असं धरलं होतं की ती गोष्ट त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आहे, त्याची त्याला फेडायची आहे. ही पोरगी सहाव्या वर्षापासून तिच्याखाली उभी होती हे त्याने कधी वाकून पाहिलंच नव्हतं. निबंधाची काच त्याने स्वतःच्या हाताने कापली होती. वर हेही की ती आत्ता जे बोलत होती ते बोलण्याची छाती त्याला कधी झाली नव्हती. तिने तोंड उघडलं होतं आणि आवाज आला होता.

“मुंगे,” तो म्हणाला, “मी काही सोडलं नाही.”

“म्हणजे?”

“बाबांचा कारखाना बंद पडला त्याच्या आधी सात महिने मी कॉलेजात जातच नव्हतो. माझं नाव कमी केलं होतं. त्या दिवशी मी तेच सांगायला आलो होतो. तर बाबा तसे बसलेले. मग मी सोडतो म्हणालो.”

तिला समजायला वेळ लागला. ती हसायच्या बेतात आली, मग थांबली. “थट्टा करतोस?”

“नाही.”

“का जात नव्हतास?”

“नीट सांगता येत नाही. एकदा बोलायची वेळ आली आणि आवाज फुटला नाही. दुसऱ्या वेळी दारातून परत आलो. मग गेलोच नाही.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

“आईला माहितीये?” “नाही.” “बाबांना?” “नाही.” “कुणालाच?” “कुणालाच नाही.” ती उभी राहिली. ताट ओट्यावर वाजलं. “मी आत्ता तिथे माईकवर सांगून आले! सगळ्यांसमोर! आणि तू उभा राहिलास. टाळ्या घेतल्यास.” “घेतल्या,” तो म्हणाला. “आणि शर्यत? आणि ते भिंतीवरचं नाव?” त्याने नकारार्थी मान हलवली. “मग मलाच का सांगितलंस? आणि आजच?” त्याला उत्तर द्यायचं होतं. की तू नापास झालीस तर चालेल, तुझ्यावर कुणाचं काही नाही, हे तुला कळावं म्हणून. पण ते वाक्य जुळवेपर्यंत घंटा झाली, मुलांनी आपापल्या विभागात जायची, आणि मुंगी ताट तिथेच टाकून, मागे न बघता, तरातरा निघून गेली.

पुढचे अडीच तास त्याने कसे काढले ते त्याला नंतर आठवेना. घरच्या माणसांसाठी सभागृहात आणखी भाषणं होती; तो गेला नाही. तो सकाळच्या टेबलाशी गेला. बाई कागद आवरत होत्या. “माझा फॉर्म द्याल का? एक ओळ राहिली होती.” त्यांनी शोधून दिला. शिक्षणाच्या ओळीत त्याने लिहिलं, ‘दुसऱ्या वर्षी बंद’. मग बिल्ला काढून टेबलावर ठेवला. “हा मला लागू नाही. मी इथून पास झालेलो नाही.”

“अहो, राहू द्या की,” बाई म्हणाल्या. “पासबिस काही नाही त्यात. जेवणाच्या वेळी निळ्यांची रांग वेगळी करायची होती, गर्दी होते म्हणून. जेवलात ना?”

“जेवलो.”

“मग झालं तर.” त्यांनी बिल्ला पेटीत टाकला. सैल दांडीचा चष्मा नाकावरून घसरला, त्यांनी तो बोटाने वर ढकलला. त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि म्हणाला, “द्या इकडे.” हात चालत होते तोवर बरं वाटलं. चष्मा परत केला आणि तो फाटकाशी जाऊन उभा राहिला.

साडेचारला मुलं बाहेर आली. घोळक्याने, हसत, एकमेकांचे नंबर लिहून घेत. मुंगी त्यांत नव्हती. पावणेपाच झाले. तिचा फोन लागत नव्हता. फाटकाशी माणसं विरळ झाली. ती एकटीच घरी गेली असेल, आईपुढे उभी राहून सगळं सांगत असेल. हा विचार आला आणि त्याची त्याला फारशी भीती वाटली नाही. दुसरा आला त्याची वाटली. ती गेलीच नसेल. विभागाच्या दारापर्यंत पोचली असेल, कडीवर हात ठेवला असेल, आणि मग. मीच तिला दाखवून दिलं, असंही करता येतं म्हणून. तो जिना चढू लागला, दोन दोन पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावरची बोळ तशीच होती, तोच आंबूस वास, दारातली तीच काचेची लहान चौकट. बारा वर्षांपूर्वी जिथे थांबला होता तिथे तो थांबला नाही. थांबायला वेळच नव्हता. त्याने दार ढकललं. आत एक पोरगा नळ्या धूत होता. “नवी मुलं? ती कधीच गेली.” “एक मुलगी, निळसर ड्रेस...” “ती होय? ती खाली ऑफिसात असेल. काहीतरी चौकशी करत होती.”

ऑफिसच्या खिडकीशी मुंगी उभी होती, आतल्या कारकुनाशी बोलत, हातात पेन. त्याला पाहून ती दचकली नाही. डोळे सुजलेले होते. कागदाची घडी करून तिने फाइलमध्ये ठेवली आणि चालू लागली. तो मागोमाग. फाटकाबाहेर आल्यावर ती म्हणाली, “विषय बदलता येतो. पंधरा दिवसांच्या आत.”

“भूगोल?”

“ठरवलं नाही अजून. विचारून ठेवलं.” थोडी पुढे गेल्यावर ती म्हणाली, “तुझ्याशी मी बोलत नाहीये, हे लक्षात ठेव.”

“बरं.”

“आणि घरी तू सांगायचंस. मी नाही सांगणार, आणि मी लपवणारही नाही.”

“सांगतो.”

“कधी?”

“आज,” तो म्हणाला, आणि ऐकून त्याचे स्वतःचेच कान गरम झाले.  बसथांब्यावर दोघं दोन टोकांना उभी राहिली. समोरून गाड्या जात होत्या. तो मनात वाक्यं जुळवत होता. आई विचारेल, ‘का?’ वडील कदाचित काहीच विचारणार नाहीत, उठून भिंतीकडे बघतील. बारा वर्षं त्याने हे सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इतक्या वेळा घोकली होती की कुठला प्रश्न कुणाच्या आवाजात येईल तेही त्याला ठाऊक होतं. बस लांब दिसू लागली तेव्हा मुंगी दोन पावलं त्याच्याकडे सरकली. रस्त्याकडेच बघत तिने विचारलं,

“डबा कुठे खायचास?”

“काय?”

“सात महिने. आई डबा द्यायची ना रोज. कुठे बसून खायचास तो?”

हा प्रश्न त्याने कधी घोकला नव्हता. त्याने तोंड उघडलं, आणि त्याला वाटलं, आता पुन्हा तसंच होणार.

“दवाखान्याच्या मागच्या जिन्यात,” तो म्हणाला. आवाज थोडा फाटला, पण आला. “तिथे कुणी येत नसे.”

“रोज?”

“रोज.”

मुंगीने मान हलवली. बस येऊन थांबली, दार उघडलं. ती पहिली चढली, खिडकीशी बसली, फाइल शेजारच्या जागेवर ठेवली आणि मग ती उचलून मांडीवर घेतली.